साध्या पानाची अंबाडी

अंबाडीच्या पानाला पाच बोटं फुटली की लांबून ते थेट गांजाच्या पानासारखं दिसतं. हे मला कुणी शिकवायला नको. शेतकी कॉलेजात पीक पैदास हा विषय घेऊन मी एम.एस्सी. केलं ते याच पानावर. दोन वर्षं मी अंबाडीच्या पानांची बोटं मोजत होते. आज मी दुबईत बियाणं विकणाऱ्या एका कंपनीत आहे. बाहेरून आलेल्या बियाण्याची कागदपत्रं तपासायची, नमुन्याचं बी ट्रेमध्ये उगवायचं, आणि त्यात वेगळ्या पानाचं रोप दिसलं की मोजून उपटायचं, हे माझं काम. त्याला आमच्या धंद्यात भेसळ काढणं म्हणतात. एवढं सगळं कळणाऱ्या बाईने एका शनिवारी सकाळी जे केलं, ते मी अजून नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही.

आम्ही दुबईच्या करामा भागात जुन्या चार मजली इमारतीत राहतो. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकी उघडली की समोर एसीची डबडी आणि पाइप. ऊन कसलं ते नाहीच. आमच्या खालच्या मजल्यावर, पण रस्त्याच्या बाजूला, रत्नागिरीकडचं एक कुटुंब राहायचं. मुलगा एका कार्गो कंपनीत, सून, दोन नातवंडं आणि मुलाची आई. तिला सगळी इमारत खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही खाला म्हणू लागले. नवरा गेल्यावर मुलाने तिला स्वतःच्या व्हिसावर आणली त्याला बारा वर्षं झाली होती. गावी तिचं बंद घर होतं आणि शेजारी एक दीर. बाकी तिचं जे काही होतं ते करामातल्या त्या दोन खोल्यांमध्ये होतं.

आणि बाल्कनीत. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, एक फुटका वॉशिंग मशीनचा ड्रम, जे मिळेल त्यात ती काहीतरी लावायची. अळू, कढीपत्ता, पातीचा चहा, लवंगी मिरची. बाल्कनीत दोरीवर कपडे वाळत घालायला जागा उरायची नाही म्हणून सून कुरकुरायची. खाला म्हणायची, कपडे कुठेही वाळतात, अळू कुठेही येत नाही.

मी मराठवाड्याची. मला अंबाडीच्या भाजीचं वेड आहे. भाजी शिजवून पिळायची, त्यात ज्वारीच्या कण्या आणि थोडी तुरीची डाळ, वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी. तेलाचा हात सैल सोडायचा. करामात आंध्रवाल्यांच्या दुकानात अंबाडीची जुडी मिळते, नाही असं नाही. पण ती लाल देठाची, विमानातून आलेली, दात आंबवणारी. माझ्या आईच्या बांधावरची ती ही नव्हे, असं मी दर वेळी नाक मुरडून म्हणायचे. शेवटी एका जानेवारीत माहेरून परत येताना आईकडून बी बांधून घेतलं आणि मेथीदाण्याच्या डब्यात खाली पुडी दडवून आणलं. कागदपत्राशिवाय आलेलं चमचाभर बी दिसलं तरी माझ्या सहीने ते नष्ट होतं. दुसऱ्यांचं. स्वतःच्या पुडीला मी आईचं बी म्हणाले.

माझ्या घरात ऊन नाही, म्हणून ती पुडी मी खालाला नेऊन दिली. नुसती दिली नाही, व्याख्यानही दिलं. मला ती खोड आहे. समोरचा ऐकतोय असं दिसलं की माझा मास्तर होतो. ड्रममध्ये माती कालवता कालवता मी तिला सांगितलं की अंबाडी दोन तऱ्हेची असते, एक साध्या अखंड पानाची आणि एक पंजाच्या पानाची. दोघींचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी पंजाची येतात. साधं पान दबून राहतं. त्यांचं बी पुन्हा पेरलं की चारात एखादं साध्या पानाचं वर येतं, आणि एकदा साधं आलं की त्याच्या बियांतून साधंच येत राहतं, मागे फिरत नाही. आईचं बी मिश्र होतं. बांधावरच्या बाया पान कसं आहे ते बघत नाहीत, आंबट आहे ना एवढंच बघतात. खालाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पोरी, भाजीला कुठलं बरं?" मी म्हटलं, दोन्ही सारखीच.

फेब्रुवारीत बी पेरलं. सुरुवातीला सगळीच पानं साधी आली, बदामाच्या आकाराची. तीन आठवड्यांनी वरची पानं चिरत गेली. आधी तीन बोटं, मग पाच. खालाने मला मुद्दाम बोलावून दाखवलं. एकाच झाडाला खाली एक पान आणि वर दुसरंच, हे काय म्हणून. मला तर निमित्तच हवं होतं. मी तिला गांजाची गोष्ट सांगितली.

शिकत असताना आम्हाला एका प्रशिक्षणासाठी उत्तरेत, डोंगरांच्या पायथ्याशी नेलं होतं. तिथे भांग नाल्याच्या कडेने रानोमाळ उगवलेली असते, गाजरगवतासारखी. आमच्या सरांनी आम्हाला एका एका झाडाची खालपासून वरपर्यंत सगळी पानं ओळीने मांडायला लावली. पहिल्या जोडीला एकच पाती. मग तीन, मग पाच, सात, एखाद्या दांडग्या झाडाला नऊ. पुन्हा फुलोऱ्याजवळ कमी कमी होत तीन, एक. सर म्हणाले, गांजाचं पान कसं असतं असं विचारणारा अडाणी. कुठलं पान, झाडाच्या कुठल्या वयाचं, असं विचारा. मग त्यांनी पैदास करणाऱ्यांची युक्ती सांगितली. गांजाच्याच काही झाडांची बोटं बदकाच्या पायासारखी पडद्याने जोडलेली असतात. हा गुण दबणारा. तेव्हा अशा पानाचं झाड आई म्हणून घ्यायचं आणि साध्या बोटांचं झाड बाप. बी पेरलं की ज्या रोपाला बदकाचा पाय दिसेल ते आईच्याच जातीचं, संकर झालेलाच नाही, उपटून टाका. बोटं सुटी असलेलं रोप खरं संकराचं. फुलं यायची वाट बघायला नको. दोरासाठी, कापडासाठी ताग-अंबाडीसारखीच भांगही लावतात, त्या लोकांच्या हे रोजच्या कामाचं. वीतभर रोप असतानाच त्याचे आईबाप कळतात, या गोष्टीने मी तेव्हा हरखून गेले होते.

खालाला मी फरकही दाखवला. गांजाची बोटं देठाच्या टोकापर्यंत सुटी असतात, प्रत्येक बोट वेगळी पाती. अंबाडीचं पान एकच, फक्त कात्रीने खोल चिरल्यासारखं. आणि खोडाला बारीक काटे. "आणि सगळ्यात सोपं म्हणजे चावून बघायचं," मी म्हटलं. तिने लगेच एक पान तोडून तोंडात टाकलं, डोळे मिचकावले आणि दुसरं मला दिलं. आम्ही दोघी तोंड वाकडं करून हसलो. त्या दिवशी तिने मला पहिली जुडी दिली.

इथवर सगळं छान होतं. पुढे माझी जीभ.

होळीला इमारतीतल्या आठ-दहा मराठी घरांचं गच्चीवर जेवण होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, नेहमीचं. कुणीतरी म्हणालं, गावी असतो तर थंडाई असती, भांग असती. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "भांग कशाला हवी, खालांच्या बाल्कनीत जाऊन बघा, गांजाचा मळा आहे नुसता." सगळे हसले. मला टाळी मिळाली. ते बी मी दिलं, ती अंबाडी आहे, हे मी पुढे सांगितलं की नाही ते आज मला खात्रीने आठवत नाही. सांगितलं असेल असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. बहुतेक नाहीच सांगितलं. हशा पिकल्यावर माणूस खुलासा करत बसत नाही. आणि या देशात त्या शब्दाची थट्टा कुणी करत नाही, हे इथे बारा-पंधरा वर्षं काढलेल्या मला माहीत नव्हतं असंही नाही.

एप्रिलपर्यंत झाडं कठड्याच्या वर आली. खालून, रस्त्यावरून दिसायला लागली. त्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी डोसे घालत होते, तेव्हा इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. समोरच्या फुटपाथवरून काढलेला. दुसऱ्या मजल्याची बाल्कनी, हिरवीगार, आणि कठड्यावरून बाहेर आलेले पाच-पाच बोटांचे पंजे. खाली इंग्रजीत एकच ओळ होती: हे काय वाढवलंय इथे? पाठोपाठ एकीने लिहिलं की होळीच्या वेळी याच बाल्कनीत गांजा असल्याचं बोलणं झालं होतं, तेव्हा आपण थट्टा समजलो. बोलणं झालं होतं. कुणी केलं, ते तिने लिहिलं नाही. माझ्यावरच्या मायेपोटी असेल, नाहीतर खरंच विसरली असेल.

मग एकामागून एक. पोलिस आले तर सगळ्या बिल्डिंगचं नाव खराब होईल. पोरंबाळं आहेत आपली. एकाने हिंदीत लिहिलं, ऐसे लोगों की वजह से सबको भुगतना पड़ता है. कसले लोक, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्याच ग्रुपमध्ये खालाचा मुलगा होता. तो त्या दिवशी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या गोदामात ड्युटीवर होता, आणि त्याने फक्त एवढं लिहिलं की ती भाजी आहे, आईने लावली आहे, प्लीज सर्वांनी शांत राहा. त्यावर इमारतीचं बघणारे गृहस्थ म्हणाले, आपल्यात एक एक्सपर्ट आहेत, त्यांनाच विचारू. आणि माझ्या नावाला टॅग केलं. ताई, तुम्ही या फील्डमधल्या, तुम्ही म्हणाल ते फायनल.

फोटो बघताक्षणी मला कळलं होतं. कळायचं काय होतं त्यात? माझंच बी होतं. फोटो मोठा करून पाहिला तर खालची अखंड पानंसुद्धा दिसत होती, बोटांची मुळं एकमेकांत मिळालेली दिसत होती. परीक्षेत हा फोटो आला असता तर मी पाच ओळींत पाच गुण मिळवले असते. मी लिहायला घेतलं: ही अंबाडी आहे. पुसलं. अंबाडी म्हटलं की बी कुठून आलं हा प्रश्न येणार. पुन्हा लिहिलं: काळजी करू नका, ही खायची भाजी आहे, मी स्वतः खाल्ली आहे. पुसलं. त्या ग्रुपमधल्या एकाचा मेव्हणा माझ्याच कंपनीत होता. बियाण्याची कागदपत्रं तपासणारी बाई मेथीच्या डब्यातून बी आणते, ही बातमी आमच्या रास अल खोरच्या गोडाऊनमध्ये पोचायला दुपारही लागली नसती. नोकरी गेली तर माझा व्हिसा जातो. घराचा अर्धा भार माझ्या पगारावर. हे सगळं मला त्या दोन मिनिटांत दिसलं, आणि खालाचं काय होईल ते अजिबात दिसलं नाही. खोटं कशाला लिहू, ते मी बघितलंच नाही.

माझी मुलगी मागे उभी होती. ती फोनमध्ये डोकावून म्हणाली, "ममा, दॅट्स आवर सावर भाजी, नो?" मी तिला डोसा जळतोय बघ म्हणून आत पाठवलं.

नुसता एक मजला उतरायचा होता. त्या बाल्कनीत उभं राहून सगळ्यांसमोर एक पान चावायचं होतं. त्याऐवजी मी लिहिलं: फोटोवरून सांगता येत नाही. कन्फर्म करण्यासाठी तपासणी करावी लागेल.

किती शास्त्रीय वाक्य आहे. एक शब्द चुकीचा नाही. ऑफिसात मी ते रोज लिहिते. पाठवल्यावर मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. आपण खोटं बोललो नाही, कुणाला वाईटही म्हटलं नाही, करून सवरून नामानिराळे राहिलो. मग गॅस बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तपासणी हा शब्द वाचल्यावर लोकांचे धाबे दणाणले. एक्सपर्टच नक्की सांगत नाही म्हणजे पाणी मुरतंय. अर्ध्या तासात इमारतीच्या ऑफिसचा माणूस नातूरला, म्हणजे आमच्या वॉचमनला, घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेला. संध्याकाळपर्यंत बाल्कनी रिकामी झाली नाही तर आम्हाला पोलिसांना कळवावं लागेल, असं म्हणाला. मुलगा ड्युटी टाकून धावत आला. वीस वर्षांत ज्याने साधा ट्रॅफिकचा दंड भरला नव्हता तो माणूस. त्यांचं स्वयंपाकघर मागे, आमच्याच पाइपांच्या बोळाकडे उघडतं, म्हणून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचे आवाज येतात. ते आवाज मी ऐकले. खिडकी लावून घ्यावी असं वाटलं, पण तेही केलं नाही.

खाला म्हणत होती, भाजी आहे रे, खाऊन दाखवते, हे बघ. आणि तिने खाल्लं असणार, कारण मुलगा ओरडला की अम्मी, थूक दो. मग त्याने विचारलं, बी कुठून आलं? खालाने जरासुद्धा वेळ न घेता सांगितलं, "गावातून आणलं मी. गेल्या खेपेला. बॅगेत होतं."

त्याने सगळं उपटलं. नुसती अंबाडी नाही, अळू, मिरची, पातीचा चहा, सात वर्षांचा कढीपत्ता, सगळं. कुणास ठाऊक कशावर कोण बोट ठेवील. काळ्या पिशव्या भरभरून नातूर खाली नेत होता. मग फिनेलचा वास आमच्या मजल्यापर्यंत आला. ग्रुपवर कुणीतरी स्वच्छ बाल्कनीचा फोटो टाकला आणि त्याला वीसेक अंगठे मिळाले.

दुसऱ्या दिवशी मी डब्यात शिरा घेऊन खाली गेले. शिरा! कुणी मेलं तरी आपण रिकाम्या हाताने जात नाही, त्यातली गत. सून दार उघडून आत निघून गेली. खाला पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी म्हटलं, खाला, मी सांगते त्याला, बी माझं होतं म्हणून. मी हे म्हटलं खरं, पण ते विचारल्यासारखं म्हटलं. नाही म्हण, असं माझ्या आवाजात होतं, आणि तिला ते ऐकू आलं. ती म्हणाली, "तू काय बोलू नको. तुझी नोकरीच बियाण्याची. माझं काय, म्हातारीचं, मला कोण नोकरीवरून काढतो?"

काढणारे निघाले. मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. अम्मी बॅगेतून काहीबाही आणते, उद्या एअरपोर्टवर काही झालं तर सगळं घर रस्त्यावर येईल, हे सुनेने धरून ठेवलं. बी आपण आणलं हे खाला एकदा बोलून गेली होती, आता ते फिरवता येत नव्हतं. व्हिसा नूतनीकरणाला आलाच होता. तो करायचा नाही असं ठरलं. उन्हाळाभर गावी राहा, मग बघू, असं तिला सांगितलं. मग बघू म्हणजे काय, ते इमारतीतल्या लहान पोरालाही कळत होतं. एरवी गावी गेली तरी ती दिराकडे उतरायची; आता बारा वर्षांनी ती बंद घर उघडायला निघाली. नातवंडांना तिच्याशिवाय झोप यायची नाही.

ती निघाली त्या दुपारी मी तिला, गोडाऊनला माल आलाय, यायला जमणार नाही, म्हणून कळवलं. माल आला होता, पण मी असायलाच हवं असं काही नव्हतं. कोथिंबिरीच्या बियांची पोती होती. मी त्यांच्या कागदांवर सह्या करत बसले. घरी आले तेव्हा दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती, आत माझा शिऱ्याचा डबा. धुतलेला, आणि रिकामा देऊ नये म्हणून त्यात मूठभर तांदूळ.

त्यानंतर नऊ महिने मी तिला दोन फोन केले. दोन्ही वेळा तिने माझ्या मुलीची, नवऱ्याची, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. दोन्ही वेळा मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी त्या विषयावर गप्प. जिन्यात मुलगा भेटला की मी फोन कानाला लावायचे. समोर कुणी नसताना हो हो म्हणत दोन मजले चढलेली आहे मी.

या जानेवारीत एका सकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला. त्याआधी फोटो. घरामागचा चिऱ्याचा गडगा आणि त्याच्या कडेने वाळलेली अंबाडी, बोंडं धरलेली. खोडाच्या मध्यावर अजून टिकलेली पानं मी सवयीने मोठी करून पाहिली. सगळी अखंड. एकालाही बोटं नव्हती. मग मी मेसेज ऐकला.

"पोरी, तुझ्या पुडीतलं उरलेलं बी मी येताना घेऊन आले होते. पावसात पेरलं. पंज्याची निघाली ती सगळी उपटून भाजी केली, साध्या पानाची तेवढी ठेवली. तू सांगितलं होतंस ना, साध्याला साधंच येतं. आता याचं बी बाटलीत भरून ठेवते. कागद करायला काय लागतं ते तू बघ, तुला कळतं. मग तिथे लाव. आता कुणी घाबरणार नाही."

मी ते तीनदा ऐकलं. पहिल्यांदा माझ्यातल्या पैदासवालीनेच ऐकलं, तेही सांगायला हवं. तिने केलेलं अगदी बरोबर होतं. दबलेला गुण वर आला की तो शुद्धच असतो, एका पिढीत काम झालं. तिने चोख भेसळ काढली होती. दुसऱ्यांदा ऐकताना मला कळलं की नऊ महिने ती एकटी बाई तिथे बसून काय करत होती. माझी भीती घालवत होती. पानाला बोटं होती म्हणून हे सगळं झालं, असं तिने ठरवून टाकलं होतं, आणि पान बदललं की सगळं ठीक होईल असं तिला वाटत होतं. पानाचा काही दोष नव्हता. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तिसऱ्यांदा ऐकलं आणि चप्पल न घालता खाली गेले.

मुलगा ऑफिसला निघत होता. दारातच मी सगळं सांगितलं. पुडी, मेथीचा डबा, होळी, सगळं. म्हटलं, ती अंबाडी होती हे मला फोटो बघूनच कळलं होतं. तो पायात बूट घालता घालता थांबला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं, ताई," तो म्हणाला. "अम्मी गावाहून आली की तिची बॅग दर वेळी मीच रिकामी करतो. बी नव्हतंच. आणि ती भाजी तुम्ही कितीदा घेऊन गेलात, मी बघितलंय." मग बुटाची नाडी बांधत म्हणाला, "त्या दिवशी मेसेज टाकून मी लगेच टॅक्सी पकडली होती. ग्रुप ओपन करून बसलो होतो. तुमचं नाव आणि टायपिंग, टायपिंग, असं येत होतं. बंद व्हायचं, परत यायचं. मी ड्रायव्हरला म्हटलं, यल्ला हबीबी, चल लवकर, पण आता टेन्शन नाही, ताई लिहितायत."

त्याच्या मागे बाल्कनीचं दार उघडं होतं. दोरीवर कपडे वाळत होते, भरपूर जागा होती.

मी तिथेच फोन काढला. त्याने मागितलं नव्हतं, आणि त्याला ते हवं होतं असंही दिसलं नाही. ग्रुपवर लिहिलं: मागच्या एप्रिलमधला तो फोटो अंबाडीच्या भाजीचा होता. बी भारतातून मी आणलं होतं, कागदपत्रांशिवाय. खालांचा काही संबंध नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं. मी सांगितलं नाही. या खेपेला एकदाही न पुसता पाठवलं. त्याचा फोन त्याच्या खिशात वाजला, तरी त्याने तो काढून पाहिला नाही.

मिनिटभराने पहिलं उत्तर आलं. होळीला माझ्या शेजारी बसून मला टाळी देणारीचं.

तिने विचारलं होतं, कुठला फोटो?